डोक्याप्रमाणे टोपडे

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातील गावोगावी अशा माला गुंफल्या गेल्या. या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला क्रोशाच्या टोपड्याने येऊन बसावे, हे काही श्रोत्यांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण ज्ञान म्हणजे केवळ ग्रंथांत असते ते, असे नव्हे. घरात बसून लोकरीचा गुंडा उलगडणाऱ्या बाईच्या बोटांतही भूमिती असते. ती भूमिती तिला माहीत नसली, तर काय होते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. त्या अनुभवापासूनच आरंभ करतो.

आमच्या नात्यातील एका सुनेला पौषातल्या ऐन थंडीत, दिवस पुरे होण्यापूर्वीच, जुळी मुले झाली. दोन्ही मुले वजनाने दोन किलोच्या आतली. बाळंतविड्यासाठी आम्ही दोन टोपडी आधीच विणून ठेवली होती. हाताशी एक छापील नमुना होता. त्यावर 'नवजात बालकासाठी' असे स्पष्ट लिहिले होते. त्यात सांगितल्याप्रमाणे साठ टाक्यांचे टोपडे आम्ही एकही टाका न चुकवता पुरे केले होते. मोठ्या अभिमानाने ती दोन्ही टोपडी घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. तेथील परिचारिकेने ती हातात घेतली, एका बाळाच्या डोक्यावर ठेवून पाहिली आणि म्हणाली, "टोपडी फार सुरेख आहेत हो, पण ही बाळाच्या नाकापर्यंत येतात. डोके मोजून विणा ना!" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण आम्हांला तो लागला. इतकी वर्षे आम्ही विणत होतो, पण टेप हातात घेऊन कोणाचे डोके कधी मोजले नव्हते.

आता कोणी म्हणेल, टोपडे थोडे मोठे झाले तर बिघडले काय? मूल वाढेल आणि टोपडे बसेल. धडधाकट मुलाच्या बाबतीत हे ठीक आहे. अशक्त मुलाच्या बाबतीत नाही. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे आठवा हिस्सा असते; नवजात मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते. म्हणजे अंगाच्या मानाने डोक्याचा पृष्ठभाग फार मोठा, आणि त्यावाटे अंगातील ऊब निघून जाते. कमी दिवसांच्या मुलाच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो. ऊब गेली की ते थंड पडते, दूध ओढण्याची ताकद कमी होते, आणि दूध कमी गेले की ऊब आणखी कमी होते. या दुष्टचक्राची वैद्यांना मोठी धास्ती असते. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी अशा मुलांना आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत ठेवते, म्हणून तिला कांगारू-पद्धत म्हणतात. आज आपल्याकडील दवाखान्यांतही ती रूढ आहे. या पद्धतीत मुलाच्या अंगावर लंगोट असतो आणि डोक्यावर टोपडे असते. बाकी सारी ऊब आईची. टोपडे मोठे असले तर ते डोळ्यांवर, नाकावर घसरते किंवा निसटून पडते. फार घट्ट असले तर कपाळावर वळ उठतो. तेव्हा टोपड्याचे माप हा तेथे हौसेचा विषय राहत नाही.

आमची चूक कोठे झाली, हे पाहण्यासाठी क्रोशाच्या कामाचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ लहानसा आकडा. दोन सुयांच्या विणकामात एकाच वेळी अनेक टाके सुईवर असतात. क्रोशात एकच आकड्याची सुई असते आणि बहुतेक वेळ तिच्यावर एकच टाका जिवंत असतो. बटाट्याच्या पिकावर रोग पडून १८४५ पासून आयर्लंडात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील असंख्य बायकांनी क्रोशाची जाळी विणून घरे चालवली. आपल्या देशात ही कला मिशनऱ्यांच्या आणि मुलींच्या शाळांतून पसरली, आणि मराठी घरात येऊन ती बाळंतविड्यात शिरली. मऊ जुन्या कापडाची कुंची व शिवलेले टोपडे आपल्याकडे होतेच. त्यांच्या शेजारी लोकरीचे टोपडे येऊन बसले. पण शिवलेल्या टोपड्याला माप घ्यावेच लागते, कारण कापड आधी कापावे लागते. क्रोशात कापायचे काही नसते; टाके मोजत गेले की टोपडे होते. त्यामुळे आपण टाके मोजतो आणि डोके मोजायचे विसरतो.

टोपड्याचे दोन भाग असतात. वरचा भाग म्हणजे सपाट चकती, आणि तिच्या कडेपासून खाली उतरणारी भिंत. चकती वाढवीत नेताना दर फेरीत काही टाके वाढवावे लागतात. म्हणजे काही घरांत एकाऐवजी दोन टाके घालावे लागतात. किती वाढवायचे? छापील नमुना सांगतो, सहा. पण सहाच का, हे तो सांगत नाही.

याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातील लोणारला जाऊन शोधता येते. लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या जवळजवळ गोल खळग्यात आहे. या खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्याच्या काठाने एक माणूस पुरी प्रदक्षिणा घालतो आहे, आणि त्याच्यापासून एक मीटर बाहेरून दुसरा माणूस चालतो आहे, असे समजा. बाहेरच्या माणसाला किती जास्त चालावे लागेल? साडेपाच किलोमीटरांहून मोठी फेरी, तेव्हा पुष्कळच जास्त असेल, असे मनात येते. पण हिशेब केला तर उत्तर येते, अवघे सहा मीटर आणि २८ सेंटिमीटर. कारण वर्तुळाचा परिघ म्हणजे त्रिज्येची ६.२८ पट. त्रिज्या एक मीटरने वाढली, की परिघ ६.२८ मीटरने वाढतो. मूळ वर्तुळ सरोवराएवढे असो की बशीएवढे, त्यात फरक पडत नाही.

टोपड्याची चकती हेच करते. प्रत्येक फेरी म्हणजे काठापासून एक टाका बाहेरून घातलेली प्रदक्षिणा. टाक्याची उंची आणि रुंदी साधारण सारखी असेल, तर दर फेरीला सुमारे सहा टाके वाढवावे लागणार, मग ती दुसरी फेरी असो की पंधरावी. ज्याला मुका खांब म्हणतात त्या बुटक्या टाक्याचे असेच आहे. सुई घरात घालून दोरा ओढला, सुईवर दोन फास झाले, पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून एकदम काढला, की मुका खांब झाला. उभा खांब मात्र सुईला आधी दोऱ्याचा एक वेढा देऊन विणतात. त्याची उंची रुंदीच्या सुमारे दुप्पट असते, म्हणून त्याच्या चकतीत दर फेरीला बारा टाके वाढवावे लागतात. वाढ कमी पडली तर चकतीची वाटी होते; जास्त झाली तर कडेला झालर पडते. एवढे कळले, की छापील आकडा चुकला आहे की आपण चुकलो आहोत, हे पाहताक्षणी ओळखता येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली मुद्दाम जास्त वाढ करून अशाच झालरींचे नमुने विणले आणि भूमितीतील एक अवघड प्रकारचा पृष्ठभाग विद्यार्थ्यांच्या हातात दिला. आपल्या हातून झालेली झालर ही चूक असली, तरी ती निरर्थक नसते, एवढे यावरून दिसेल.

येथे आणखी एका खड्ड्याची सूचना दिली पाहिजे. इंग्लंडच्या पुस्तकात ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, त्याच बुटक्या टाक्याला अमेरिकेच्या पुस्तकात 'सिंगल क्रोशे' म्हणतात. अमेरिकेचा 'डबल' म्हणजे आपला उभा खांब. नमुना कोणत्या देशचा, हे न पाहता विणावयास बसले, तर टोपड्याचा घाटच बदलतो.

आता मापाकडे वळू. आधी डोके मोजावे. कपाळावर भुवयांच्या किंचित वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत फुगीर असतो तेथून टेप फिरवावी. पुऱ्या दिवसांच्या मुलाचे डोके जन्मतः ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. तीन महिन्यांत ते ४० च्या आसपास जाते, सहा महिन्यांत सुमारे ४३, आणि वर्षाला ४५-४६. पुढे वाढ मंदावते. मोठ्या माणसाचे डोके बहुधा ५४ ते ५८ सेंटिमीटर भरते. म्हणजे आषाढात जन्मलेल्या मुलासाठी पौषातल्या थंडीचे टोपडे विणायचे असेल, तर ते सहा महिन्यांच्या डोक्याचे विणले पाहिजे. बारशाला दिलेली कितीतरी टोपडी थंडी येईपर्यंत लहान होऊन पेटीत पडतात, याचे कारण हेच.

लोकर ताणते. म्हणून टोपडे डोक्याच्या मापाहून थोडे कमी विणावे, म्हणजे ते अंगच्या ताणाने बसते. आमचा अनुभव असा, की डोक्याच्या मापातून त्याचा पंधरावा हिस्सा वजा करावा. ३५ चे डोके असेल तर टोपडे ३३ च्या आसपास. ३० चे असेल तर २८.

दुसरे माप आपल्या हाताचे. ही गोष्ट आम्ही कधीच केली नव्हती. ज्या लोकरीचे व ज्या सुईने टोपडे करायचे, त्याच लोकरीचा त्याच सुईने हातरुमालाच्या घडीएवढा एक चौकोन विणावा. तो धुऊन वाळवावा, सपाट ठेवावा आणि मधल्या दहा सेंटिमीटरांत आडवे टाके किती व उभ्या ओळी किती, हे मोजावे. मध्यम जाडीची लोकर आणि चार मिलिमीटरची सुई घेतली, तर अठरा टाके व वीस ओळी हे एक साधारण माप धरता येईल. पण कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. साठ टाके अठराच्या हाताने विणले तर घेर ३३ सेंटिमीटर होतो. वीसच्या हाताने तेच साठ टाके ३० होतात, आणि सोळाच्या हाताने साडेसदतीस! आमचा हात सोळाचा निघाला. नमुना खोटा नव्हता. तो दुसऱ्या हाताचा होता, आणि दुसऱ्या डोक्याचा. आमच्या सैल हाताने टोपडे चार सेंटिमीटरांनी वाढले होते, आणि बाळांची डोकी नमुन्यातल्या डोक्याहून पाच सेंटिमीटरांनी लहान होती. मग ते नाकापर्यंत येणार नाही तर काय!

त्याच रात्री आम्ही दोन्ही टोपडी उसवली. उसवणे हा क्रोशाचा मोठा गुण आहे. एक टोक ओढले की सारी चूक पुन्हा लोकर होते. दुसऱ्या दिवशी मोजून घेतले: एका बाळाचे डोके ३० सेंटिमीटर, दुसऱ्याचे २९. सुई एक नंबर बारीक घेतली, तेव्हा आमचा हात अठरा टाक्यांवर व वीस ओळींवर आला. मग हिशेब असा झाला.

पहिल्या बाळाचे टोपडे २८ सेंटिमीटरांचे हवे. एका सेंटिमीटरला १.८ टाके, म्हणून २८ ला सुमारे पन्नास टाके. सहाच्या पाढ्यात पन्नास बसत नाही. तेव्हा चकती अठ्ठेचाळीसपर्यंत न्यावी आणि पुढच्या एका फेरीत समोरासमोर दोनच टाके वाढवावेत. छापील नमुन्यात हे सापडणार नाही, पण टोपड्याला ते कळत नाही आणि दिसतही नाही. दुसऱ्या बाळाचे २७ सेंटिमीटरांचे. त्याचे अठ्ठेचाळीस टाके बरोबर झाले.

विणण्याची रीत अशी. दोऱ्याच्या कड्यात सहा मुके खांब घालावेत आणि कडे ओढून बंद करावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एक घर साधे, एक घर दुहेरी, झाले अठरा. चौथीत दोन साधी, एक दुहेरी, चोवीस. याप्रमाणे प्रत्येक फेरीत साध्या घरांची संख्या एकेकाने वाढवीत आठव्या फेरीला अठ्ठेचाळीस होतात. फेरी जोडू नये. गोगलगाईच्या शंखासारखी सलग फिरू द्यावी, आणि फेरीच्या आरंभी वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा, म्हणजे मोजणी चुकत नाही. दुहेरी घरे दर फेरीत एकावर एक येऊ देऊ नयेत, थोडी सरकवावीत. नाहीतर चकती गोल न होता षट्कोनी होते. त्यानंतर वाढ थांबवावी आणि सरळ विणत जावे. भिंत आपोआप खाली वळते. या लहान बाळांना माथ्यापासून काठापर्यंत अकरा सेंटिमीटर खोली पुरली, म्हणजे एकूण बावीस फेऱ्या. काठ शेवटी सैल हाताने बंद करावा.

हीच किल्ली कोणत्याही डोक्याला लागते. सहा महिन्यांच्या मुलासाठी ४० सेंटिमीटरांचे टोपडे म्हणजे बहात्तर टाके, बारा फेऱ्यांची चकती. आजोबांचे डोके ५६ चे असेल, तर कानटोपी सुमारे ५३ ची. म्हणजे शहाण्णव टाके, सोळा फेऱ्यांची चकती, आणि कान झाकेपर्यंत खाली भिंत. लोकर जाड असो की बारीक, चौकोन मोजला की आकडे तयार.

लोकरच वापरली पाहिजे, असेही नाही. आपला जिल्हा दोन हवामानांचा आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर; घाटावरच्या गावांना थंडी चांगलीच जाणवते. घाटाखाली मलकापूर, खामगाव, शेगावकडे उतरले, की वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे उन्हाळ्यात लोकरीचे टोपडे म्हणजे मुलाला शिक्षा. खामगाव ही एकोणिसाव्या शतकापासून कापसाची नामांकित पेठ. १८७० साली तेथे रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. त्या मुलखातल्या मुलाला सुती दोऱ्याचे टोपडे शोभते. मात्र सूत लोकरीसारखे ताणून परत येत नाही. म्हणून त्यात पंधरावा हिस्सा वजा करू नये. एखादा सेंटिमीटर कमी केला की पुरे. सुताचा चौकोन धुऊनच मोजावा, कारण पहिल्या धुण्यात ते आटण्याचा संभव असतो.

आणखी तीन गोष्टी हौसेच्या भरात विसरल्या जातात. पहिली, टोपड्याला हनुवटीखाली बांधायचे बंद लावू नयेत. आपल्या जुन्या टोपड्यांना ते असत, पण झोपेत ते गळ्याशी आवळण्याची भीती असते. माप बरोबर असेल तर बंदांची गरजही उरत नाही. दुसरी, मोठ्या भोकांची जाळी व लोंबते गोंडे लहान मुलाला नकोत. भोकात बोट अडकते आणि गोंडा तोंडात जातो. तिसरी, ऊब जशी कमी नको तशी जास्तही नको. दवाखान्यात टोपडे केव्हा घालावे, हे डॉक्टर सांगतील. निरोगी मूल घरी आले, खोली उबदार असली, तर झोपताना टोपडे काढून ठेवावे. मानेला घाम दिसला, तर तत्काळ काढावे. डोके झाकले म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे.

ती दोन टोपडी दुपारपर्यंत झाली. परिचारिकेने ती बाळांना घातली, बोटाने काठ चाचपून पाहिला आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागली. तिचे ते न बोलणे आम्हांला शाबासकीसारखे वाटले. आज ती दोन्ही मुले शाळेत जातात, आणि ती टोपडी त्यांच्या मुठीवरसुद्धा बसत नाहीत.

ज्या भगिनी विणतात त्यांना आमची विनंती एवढीच, की छापील नमुना जरूर घ्यावा, पण तो आज्ञा म्हणून नव्हे, सल्ला म्हणून घ्यावा. तो लिहिणाऱ्याने आपल्या हाताने, आपल्या लोकरीने, आपल्या डोळ्यांसमोरच्या डोक्यासाठी लिहिलेला असतो. आपल्या घरातले डोके त्याने पाहिलेले नसते. ते आपण पाहावे, टेप लावावी, चौकोन मोजावा आणि मग पहिला टाका घालावा. आणि ज्या बंधूंना विणता येत नाही, त्यांनी निदान टेप धरावी. बाळ हलते, एका माणसाला ते मोजणे जमत नाही.